तार किती जाड असावी?

प्रश्न दिसायला अगदी किरकोळ आहे. अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जी तार न्यायची, ती किती जाड असावी, कशाची असावी आणि तिच्यासाठी किती पैसे मोजावेत? पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर दुकानदार भेंडोळं सोडवून टू कोअर वायर मीटरवर कापून देतो. आणि त्याच शहरात एखाद्या वातानुकूलित दालनात गेलात तर तीच कामगिरी करणारी तार मखमली पेटीत, जाळीदार वेष्टणात, दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा देऊन ठेवलेली दिसते. किंमत काही हजारांपासून सुरू होते आणि लाखांच्या घरात जाते. दोन्हींच्या आत तांबंच असतं.

मी इतिहासाचा मास्तर. मराठी माध्यमातून बी.ए. केलं आणि पस्तीस वर्षं शाळेत सनावळ्या शिकवल्या. त्यामुळे असा वाद कानावर आला की मला पहिला प्रश्न पडतो, हे भांडण पहिल्यांदा कधी झालं? उत्तर मोठं मजेशीर आहे. तार जाड हवी की बारीक चालेल, तांबं शुद्ध हवं की कसलंही चालेल, आणि हे ठरवायचं कोणी, मोजणाऱ्याने की छातीठोकपणे सांगणाऱ्याने, हा वाद १८५०च्या दशकात इंग्लंडात झडला होता. त्यात समुद्रभर तांबं बुडालं, म्हणून निकालही लागला.

या विषयात मी शिरलो तो आमच्या एका जुन्या सहकाऱ्यामुळे. ते आमच्याच शाळेत संस्कृत शिकवत. वय पंचाहत्तरच्या पुढे, पत्नी गेल्याला काही वर्षं झाली, मुलगी परगावी. घरात दोन खुर्च्या, एक रेकॉर्ड प्लेअर आणि अडीचशेच्या आसपास एल.पी. रेकॉर्ड्स. संध्याकाळी सहा ते आठ ऐकणं, हा त्यांचा नेम. एक दिवस मला म्हणाले, "सर, तानपुऱ्याची जवारी हल्ली ऐकूच येत नाही हो. सूर येतो, पण त्याच्याभोवतीची ती झिणझिण गेली." दुकानात विचारलं तर तिथल्या मुलाने सांगितलं, "काका, तुमची वायर जुनी झाली. ही केबल लावा, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटेल." केबलची किंमत अडतीस हजार रुपये. सरांचं निवृत्तिवेतन काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण माझंही तेवढंच आहे!

आता इतिहासाकडे वळू.

सुरुवात एका शाळामास्तरापासूनच करायला हवी. गेऑर्ग ओहम हा एका कुलुपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. जर्मनीत कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. शाळेची प्रयोगशाळा चांगली होती, त्याचा त्याने फायदा घेतला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा घ्यायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि किती वाहते ते चुंबकसुईच्या वळण्यावरून मोजायचं. त्या काळच्या बॅटऱ्या भारी लहरी असत, मोजता मोजता त्यांचा जोर उतरायचा. म्हणून त्याने एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलेल्या दोन धातूंच्या जोडापासून वीज घेतली, ती स्थिर राहायची. हे मला फार आवडतं. मोजमाप करायचं तर आधी मापाचं साधन भरवशाचं हवं, हे त्याला कळलेलं होतं.

१८२७ साली त्याने पुस्तक काढलं. त्यातलं सार आज नववी-दहावीचा मुलगा सांगतो. तार दुप्पट लांब केली की रोध दुप्पट, दुप्पट जाड केली (म्हणजे तिच्या कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं) की रोध निम्मा, आणि बाकी सगळं धातूवर अवलंबून. बस्स, एवढंच! त्याच्या देशात या पुस्तकाचं स्वागत थंडच झालं. मास्तरकी सोडून विद्यापीठात जागा मिळेल ही त्याची आशा बरीच वर्षं लांबली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कोपली पदक दिलं, तेव्हा कुठे घरच्यांचे डोळे उघडले. नेहमीचीच गोष्ट.

या माणसाने पुढे १८४३ साली आणखी एक काम केलं, ते फारसं कोणी सांगत नाही. माणसाचा कान मिश्र आवाज कसा ऐकतो यावर त्याने लिहिलं. कान एखाद्या सुराची साध्या साध्या सुरांत फोड करून ऐकतो, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे षड्जाबरोबर त्यातून उठणारे वरचे सूर आपण वेगवेगळे टिपू शकतो. आपल्याकडे तानपुरा जुळवणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही! पण पाहा, तारेचा नियम आणि कानाचा नियम, दोन्ही एकाच मास्तराच्या नावावर. सरांच्या प्रश्नाचं उत्तर यांपैकी नेमकं कुठल्या नियमात होतं ते पुढे येईलच.

ओहमचं म्हणणं पुस्तकात राहिलं असतं तर कदाचित आजही वाद चालू असता. त्याची खरी परीक्षा झाली ती अटलांटिक महासागरात.

आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकायची कल्पना निघाली, तेव्हा दोन माणसं समोरासमोर आली. एक होता वाइल्डमन व्हाइटहाउस, पेशाने शल्यचिकित्सक, हौसेने विजेचे प्रयोग करणारा आणि कंपनीचा मुख्य वीजतज्ज्ञ. दुसरे ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेले. समुद्रातली तार ही साधी तार नसते. मध्ये तांबं, त्याभोवती गटापर्चाचं वेष्टण, बाहेर खारं पाणी, म्हणजे विजेचा साठा करणारी एक मैलोन्‌मैल लांब बरणीच ती! इकडून संदेश टाकला की आधी ती बरणी भरते, मग पलीकडे काहीतरी पोचतं, तेही पसरट होऊन. फॅरेडेने हे आधीच दाखवलेलं होतं. थॉमसननी गणित मांडून सांगितलं की तारेची लांबी दुप्पट झाली तर हा उशीर चौपट होतो, तेव्हा तांबं जाड घ्या आणि वेष्टणही जाड करा. व्हाइटहाउसला हे पटलं नाही. त्याने आपले प्रयोग पुढे केले आणि हा नियम म्हणजे शाळा-कॉलेजांतली एक कल्पित गोष्ट आहे अशी त्याची जाहीर टिंगल केली. (शाळामास्तर म्हणून मला हे वाक्य विशेष झोंबलं.) बारीक तार स्वस्त पडत होती. कंपनीला कोणाचं म्हणणं गोड लागलं असेल ते सांगायला नको.

तार बनवली गेली, एका सागरी मैलाला १०७ पौंड तांबं, म्हणजे साधारण ४८ किलो. ५ ऑगस्ट १८५८ रोजी ती दोन्ही किनाऱ्यांना जोडली गेली. गावोगाव दिवाळी झाली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेला पाठवला, तो जायला १६ तास लागले! एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं. संदेश नीट जात नाहीत म्हणून व्हाइटहाउसने जोर वाढवला, मोठमोठी वेटोळी लावून सुमारे २००० व्होल्टचे धक्के त्या बिचाऱ्या तारेला दिले. तार आधीच कुठे कुठे दुबळी होती. महिन्याभरात ती मुकी झाली.

मग चौकशी समिती बसली. १८६१ साली तिचा अहवाल आला आणि थॉमसन यांचं म्हणणं खरं ठरलं. १८६६ साली ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने जी नवी तार टाकली तिच्यात सागरी मैलाला ३०० पौंड तांबं होतं, पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. ती चालली.

पण थॉमसन यांची खरी कामगिरी मला वेगळीच वाटते. १८५७ साली त्यांनी बाजारात 'तांब्याची तार' म्हणून विकल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या कारखान्यांच्या नमुन्यांची वाहकता मोजली. सगळ्या तारा दिसायला सारख्या, वजनाला सारख्या, भाव सारखा. आणि मोजल्यावर काय निघालं? काही तारा इतरांच्या निम्म्यानेच वीज वाहून नेत होत्या. तांब्यात आर्सेनिकसारख्या गोष्टी जराशा जरी मिसळल्या असल्या तरी वाहकता झपाट्याने घसरते, हे तोवर विकणाऱ्याला माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. थॉमसननी आग्रह धरला की तार कारखान्यातच मोजून घ्यायची, मापात बसली तर पैसे, नाहीतर परत. त्यातूनच मग रोध मोजायचं एक ठरलेलं एकक हवं, अशी निकड निर्माण झाली. १८६०च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या समितीने ते ठरवलं आणि त्याला नाव मिळालं कोलोनच्या त्या मास्तराचं. तांब्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणही १९१३ साली ठरलं. एक चौरस मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांब शुद्ध तांब्याची तार, २० अंश तापमानाला, ०.०१७२४ ओहम. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

या कथेला आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. १८७० साली तीच ग्रेट ईस्टर्न मुंबई बंदरात आली. अंगावर पांढरा रंग दिलेला, कारण पोटातल्या टाक्यांमध्ये मैलोन्‌मैल तार गुंडाळून ठेवलेली आणि उन्हाने गटापर्चा मऊ व्हायचं भय. फेब्रुवारीत तिने मुंबईहून एडनच्या दिशेने तार सोडत जायला सुरुवात केली, पुढे तांबड्या समुद्रातून सुएझ, आणि जूनपर्यंत मुंबई ते इंग्लंड ही समुद्री वाट पुरी झाली. त्याआधी १८६५ पासून इराणच्या आखातातून आणि पुढे जमिनीवरून जाणारा तारमार्ग होता, पण परभाषिक तारबाबूंच्या हातून जाता जाता संदेशाचं पार भजं व्हायचं आणि दिवसच्या दिवस लागायचे. त्याहीआधी टपाल बोटीने. मुंबईच्या कापूस व्यापाऱ्याला लिव्हरपूलचा भाव कळायला पूर्वी जिथे महिना जायचा तिथे आता काही तास पुरू लागले. बारा वर्षांपूर्वी बुडालेल्या तारेने शिकवलेला धडा या तारेत मोजून मापून घातलेला होता.

आता घरातल्या तारांकडे येऊ, कारण त्यांचेही पूर्वज याच खानदानातले. हेडफोनला आणि गिटारला जी पाव इंची जाड पिन असते, ती मुळात टेलिफोन एक्सचेंजातल्या बायका हाताने खुपसायच्या ती. एकोणिसाव्या शतकातली चीज, आजही तशीच. टीव्हीची आणि रेकॉर्ड प्लेअरची जी तार असते, मध्ये एक तार आणि भोवती जाळीचं कडं, त्या रचनेचं पेटंट ऑलिव्हर हेविसाइडने १८८० साली इंग्लंडात घेतलं. हा लहानपणी लाल्या तापाने कानाने अधू झालेला, फारसं शालेय शिक्षण नसलेला, तारखात्यातली नोकरी सोडून घरी बसलेला माणूस. आणि मागच्या बाजूला लाल-पांढऱ्या बोंडांची जी पिन आपण लावतो, ती अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीची, १९३०च्या दशकातली.

स्पीकरच्या तारेबद्दल मात्र १९७०च्या दशकापर्यंत कोणी काही बोलत नव्हतं. दिव्याला लावायची जी दुपदरी वायर, तीच स्पीकरला लावायची. आपल्याकडेही तेच. १९७९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोएल ली नावाच्या गृहस्थांनी खास जाड स्पीकर केबल मॉन्स्टर या नावाने विकायला आणली. गृहस्थ इंजिनियर, लेसरवर काम केलेले, शिवाय ड्रम वाजवणारे. जाड तार बारीक तारेपेक्षा बरी, हे त्यांचं म्हणणं ओहमच्या नियमाला धरूनच होतं. पण त्यांनी दुकानदाराला एक नवी गोष्ट दाखवली. अँप्लिफायरवर सुटतो त्यापेक्षा तारेवर नफा जास्त सुटतो! तिथून पुढे तारेला चांदी आली, ऑक्सिजनमुक्त तांबं आलं, बाणाची दिशा आली (हो, वीज या बाजूनेच वाहू द्या म्हणून), आणि किंमत चढत गेली.

१९८३ साली स्टिरिओ रिव्ह्यू या अमेरिकन मासिकाने एक चाचणी घेतली. ऐकणाऱ्यांना न सांगता तारा बदलायच्या. २४ गेजची अगदी बारीक तार लावली तेव्हा आवाज थोडा पडला आणि तो ओळखू आला. पण संगीत लावून दिव्याची साधी १६ गेज वायर आणि महागडी केबल यांच्यात निवड करायला सांगितल्यावर ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. पुढे २००७ मध्ये जेम्स रँडी यांनी आव्हान दिलं की, ७२५० डॉलरच्या बारा फुटी केबलच्या जोडीत आणि साध्या केबलमध्ये न बघता फरक ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला, पण केबल बनवणारी कंपनी मागे हटली आणि चाचणी काही झाली नाही.

ऐकणारे काही खोटारडे असतात असं मला म्हणायचं नाही, उलट माणूस खरंच तसं ऐकतो. १९१५ पासून दहा वर्षं एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगाव जलसे केले. गायिका रंगमंचावर गायची, शेजारी तिचीच रेकॉर्ड वाजायची, मध्येच दिवे घालवायचे आणि लोकांनी सांगायचं, आता गाते कोण आणि वाजतं काय. हजारो लोक चकले! ती रेकॉर्ड आज ऐकाल तर तुम्हाला हसू येईल इतकी ती खरखरते. (गायिकाही रेकॉर्डला साजेसा गळा लावायच्या, हा त्यातला गंमतीचा भाग.) गंमत म्हणजे एडिसनलाही ऐकू कमी यायचं.

तर आमच्या संस्कृतच्या सरांकडे परत जाऊ. मी त्यांना म्हटलं, "सर, आधी हिशेब करू, मग खर्च करू." त्यांच्या खोलीत अँप्लिफायरपासून स्पीकर पाच मीटर. जायची आणि यायची मिळून दहा मीटर तार. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घेतली तर रोध किती? ०.०१७२४ गुणिले १० भागिले १.५, म्हणजे ०.११५ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. म्हणजे तारेचा वाटा दीड टक्काही नाही. पाच टक्क्यांच्या आत असला की पुष्कळ, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. अडीच चौरस मिलिमीटर घेतली तर ०.०७ ओहम. उलट त्या चाचणीतल्यासारखी बारीक तार, ०.२ चौरस मिलिमीटरची, घेतली तर ०.८६ ओहम, दहा टक्क्यांच्या वर, आणि तिथे कानाला फरक कळतो. स्पीकर ४ ओहमचे असले किंवा खोली मोठी असली तर अडीचची घ्यावी. ऑक्सिजनमुक्त तांबं आणि चांगलं साधं तांबं यांच्या वाहकतेत फरक एखाद्या टक्क्याचा. तेवढा फरक तर तार वीतभर कमी केली तरी भरून निघतो.

सरांनी ऐकून घेतलं, पण मन भरलं नाही. संस्कृतवाले शब्दप्रमाण मानणारे असले तरी ते प्रत्यक्ष प्रमाणही मागतात! दुकानदार भला होता, आठ दिवस केबल घरी वापरून पाहा म्हणाला. माझ्या नातवाला बोलावलं. स्पीकरच्या मागे जुनी चादर लावली. नाणं उडवायचं, छापा आला तर महागडी, काटा आला तर तपकीर गल्लीतून आणलेली दीड चौरस मिलिमीटरची. सरांनी पाठमोरं बसून सांगायचं, लिहून मी ठेवायचं. किशोरीताईंची एकच रेकॉर्ड, आलापाचा तोच तुकडा, वीस वेळा. नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी वीसपैकी दहाच्या आसपास बरोबर येतातच, म्हणून निदान पंधरा यायला हवेत असं आधीच ठरवलं होतं. सरांचे नऊ आले. माझे अकरा आले, तेव्हा मी काही त्यांच्यापेक्षा तीक्ष्ण कानाचा ठरत नाही. नातू मात्र शेवटी म्हणाला, "आबा, पण तानपुरा तर दोन्हींत छान झिणझिणतोय की."

त्यावर खोलीत कोणी काही बोललं नाही. सरांनी रेकॉर्ड उचलून पाकिटात घातली, पाकीट कपाटात ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे तार ठीक आहे."

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर कानाच्या तपासणीला गेलो. तिथला कागद पाहिला असेल तर तुम्हाला कळेल. डावीकडे खर्जाकडे रेघ बरीशी सरळ चालते आणि उजवीकडे, वरच्या सुरांकडे, घाट उतरावा तशी खाली जाते. वयाबरोबर आधी वरचेच सूर जातात. जवारीची ती झिणझिण नेमकी तिथेच राहते. अँप्लिफायरवरचं ट्रेबलचं बटण थोडं पुढे केलं तर जरा फरक पडतो, ते त्यांनी केलं. कानातलं यंत्र घ्यायचं की नाही, यावर सध्या विचार चालू आहे. अडतीस हजार त्यात घालावेत असं माझं मत आहे आणि ते मी त्यांना दोनदा सांगून झालं आहे. तिसऱ्यांदा सांगणार नाही.

तार घ्यायला निघालेल्यांसाठी आता दोन-चार गोष्टी सांगतो. बाजारात हल्ली 'स्पीकर वायर' म्हणून जी स्वस्त तार मिळते तिच्यात पुष्कळदा आत अल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. अल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. थॉमसन यांच्या वेळची फसवणूक नकळत व्हायची, ही जाणूनबुजून होते. एक बारीक तंतू घेऊन ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. हातात भेंडोळं घेतलं तरी कळतं, ते फार हलकं लागतं. जुन्या इलेक्ट्रिशियनांच्या भाषेतली ३/२० म्हणजे साधारण दोन चौरस मिलिमीटर, जुनी एखादी उरलेली असेल तर ती स्पीकरला उत्तम. सोन्याचा मुलामा आवाज सुधारत नाही, सोनं तांब्यापेक्षा वीज कमीच वाहून नेतं. पण ते काळं पडत नाही, म्हणून कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्याने पिनांपुरते शे-दोनशे जास्त मोजले तर वावगं नाही.

तारेने खरोखर फरक पडतो अशी घरातली एकच जागा मला सापडली आणि ती नेमकी सरांच्याच घरात आहे. रेकॉर्ड प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंतची तार. सुईकडून येणारी वीज फार अशक्त असते, आणि अटलांटिकच्या तारेतला तो बरणीचा दोष इथे लहान प्रमाणात पुन्हा उभा राहतो, लांब तार वरच्या सुरांचा तोल बिघडवते. शिवाय जाळीचं वेष्टण बरं नसेल तर घरातल्या विजेची गुणगुण आत शिरते. तेव्हा ही तार जाळीची, चांगल्या बांधणीची आणि मीटर-सव्वा मीटरहून लांब नको. सरांकडे ती तीन मीटरची होती, प्लेअर खिडकीपाशी आणि अँप्लिफायर कपाटात म्हणून. आम्ही कपाट सरकवलं. त्याला खर्च काही आला नाही, फक्त कपाटातल्या अडीचशे रेकॉर्ड्स आधी खाली काढाव्या लागल्या आणि मग परत लावाव्या लागल्या. लावताना सरांनी प्रत्येक गायकाची अकारविल्हे क्रमवारी केली, त्यात तीन संध्याकाळी गेल्या.